संस्थेसाठी पहिला मेल सर्व्हर उभारायचा आहे: सुरुवात कुठून करावी?

पाणवठा

आमच्या वाचनालयाच्या डोमेनवर सध्या फक्त वेबसाइट चालते. आता त्याच डोमेनवर १२ पत्ते हवेत (ग्रंथपाल, कार्यालय, कोषाध्यक्ष वगैरे) आणि ४०० सभासदांना महिन्यातून एक-दोनदा सूचना जायला हव्यात. लिनक्स आणि एनजिन्क्सची सवय आहे, मेलचं काम मात्र पहिलंच. तीन प्रश्न:

१. कार्यालयात ब्रॉडबँड आणि एक जुना डेस्कटॉप आहे. त्यावर सर्व्हर चालेल का?
२. पोस्टफिक्स (मेल घेणारा-पाठवणारा प्रोग्राम) आणि डव्हकॉट (पेट्या सांभाळणारा) हाताने बसवावं की तयार संच घ्यावा?
३. पाठवलेले मेल स्पॅममध्ये जाऊ नयेत म्हणून नेमकं काय लागतं?

डोमेनच्या जागी उदाहरण.इन आणि आयपीच्या जागी २०३.०.११३.२५ धरू. आज्ञा आणि फाइलींची नावं इथे देवनागरीत लिहिली तरी टर्मिनलवर रोमनमध्येच जाणार, हे गृहीत आहे.

कंदील

डेस्कटॉपचा विचार सोडा. मशीनची ताकद पुरेल, अडचण जोडणीची आहे. एक तर घरगुती किंवा छोट्या कार्यालयाच्या ब्रॉडबँडचा आयपी बदलता असतो, आणि पुष्कळदा तो तुमचा एकट्याचाही नसतो. सेवादार शेकडो ग्राहकांना एकाच आयपीमागे बसवतो, त्यामुळे बाहेरून येणारी जोडणी तुमच्या राउटरपर्यंत पोचतच नाही. दुसरं, २५ नंबरचं पोर्ट, म्हणजे सर्व्हर-सर्व्हरमध्ये मेल जायची वाट, बऱ्याच ठिकाणी बंद असतं. आणि हे दोन्ही सुटलं तरी स्पॅमहाउस या स्पॅम रोखण्यासाठी आयपींच्या याद्या ठेवणाऱ्या संस्थेची पीबीएल नावाची यादी आहे, तिच्यात अशा जोडण्यांचे आयपी गटागटाने घातलेले असतात. तिथे तुम्ही स्पॅम पाठवलात की नाही हा प्रश्नच येत नाही. "या आयपीवरून थेट मेल निघणं अपेक्षित नाही" एवढंच ती यादी सांगते, आणि समोरचा सर्व्हर दार लावतो.

म्हणून भाड्याचा व्हीपीएस (डेटा सेंटरमधलं आभासी मशीन) घ्या. २ जीबी रॅम पुरते. १२ पेट्यांना प्रत्येकी ५ जीबी धरली तर ६० जीबी डिस्क, वर सिस्टीमसाठी १५-२० जीबी.

पैसे भरण्याआधी सेवादाराला दोन गोष्टी लेखी विचारा: बाहेर जाणारं २५ नंबरचं पोर्ट उघडून मिळेल का, आणि आयपीचं पीटीआर रेकॉर्ड (आयपीवरून नाव सांगणारी डीएनएस नोंद) स्वतःला लावता येईल का. गूगल क्लाउडच्या मशीनवरून बाहेरच्या आयपीकडे २५ बंदच असतं. अ‍ॅमेझॉनच्या ईसी-टूवर ते आधी बंद असतं, अर्ज केल्यावर उघडतात. बाकी ठिकाणीही नव्या खात्याला सहसा थांबावं लागतं.

मशीन हातात आलं की काहीही बसवण्याआधी हे दोन तपास:

पहिला, डिग (डीएनएसला विचारणारी आज्ञा) वापरून जीमेलच्या एमएक्सचं (येणारे मेल घेणाऱ्या सर्व्हरचं) नाव काढा आणि त्या नावाला २५ वर टेलनेट करा. "२२०" ने सुरू होणारी ओळ आली तर पोर्ट उघडं. कर्सर नुसताच थांबून राहिला तर बंद.

दुसरा, मिळालेला आयपी स्पॅमहाउसच्या संकेतस्थळावर टाकून बघा. आधीच्या भाडेकरूने तो खराब केलेला असू शकतो. यादीत असेल तर मशीन मोडून दुसरं घ्या, तासाभराचं काम आहे. त्याच आयपीला यादीतून सोडवत बसलात तर त्याहून कितीतरी जास्त वेळ जातो.

गवतीचहा

कंदील यांनी सांगितलेला क्रम पाळाच. नवखा माणूस आधी पोस्टफिक्स बसवतो, दोन दिवस फायली लिहितो, आणि मग कळतं की पोर्ट बंद आहे.

डीएनएसचं बघू. सुरुवातीला एवढंच:

मेल.उदाहरण.इन. — ए — २०३.०.११३.२५
उदाहरण.इन. — एमएक्स — १० मेल.उदाहरण.इन.
२०३.०.११३.२५ — पीटीआर — मेल.उदाहरण.इन.

एमएक्समध्ये नाव लिहायचं, आयपी नाही. ते नाव सीनेम (दुसऱ्या नावाकडे बोट दाखवणारं) नसावं, त्याला स्वतःचं ए रेकॉर्ड (थेट आयपी सांगणारं) हवं. झोन फाइल हाताने लिहीत असाल तर नावाच्या शेवटचा टिंब विसरू नका. विसरलात तर एमएक्स "मेल.उदाहरण.इन.उदाहरण.इन" होतं, आणि येणारे मेल "असा होस्ट नाही" म्हणत पाठवणाऱ्याकडे परत जातात.

पीटीआरपाशी सगळ्यांचा गोंधळ होतो. ते डोमेन जिथे घेतलं तिथे लागत नाही. आयपी ज्याचा, त्याच्या पॅनेलमध्ये लागतं, म्हणजे व्हीपीएस देणाऱ्याकडे. तिथे "रिव्हर्स डीएनएस" असा रकाना असतो. आयपीवरून नाव आणि नावावरून तोच आयपी, असा दोन्ही बाजूंनी मेळ बसला पाहिजे. पोस्टफिक्समधलं मायहोस्टनेमही तेच ठेवा, कारण समोरच्याला नमस्कार करताना सर्व्हर तेच नाव सांगतो. तीन ठिकाणी तीन नावं असली की समोरचा सावध होतो.

डीएनएस क्लाउडफ्लेअरकडे असेल तर "मेल" या नावापुढचा नारिंगी ढग बंद करून राखाडी करा. नारिंगी असेल तर नाव त्यांच्या प्रॉक्सीच्या आयपीकडे जातं, आणि तिथे २५ वर कोणी ऐकत नसतं.

काम चालू असेपर्यंत टीटीएल (डीएनएस नोंद इतरांनी किती वेळ लक्षात ठेवायची ते) ३०० सेकंद ठेवा. सगळं स्थिर झालं की ३६०० करा.

रेघोटी

दुसऱ्या प्रश्नाबद्दल वेगळं मत मांडतो. १२ पत्त्यांसाठी हाताने बांधणी कशाला? मेलकाउ किंवा मेल-इन-अ-बॉक्स घ्या. पोस्टफिक्स, डव्हकॉट, स्पॅम गाळणी, वेबमेल, प्रमाणपत्र सगळं जोडून येतं, आणि अद्ययावत ठेवणंही एका आज्ञेचं काम. संस्थेत उद्या माणूस बदलला तर पुढच्याला तयार कागदपत्रं तरी असतात. हाताने बांधलेल्या सर्व्हरचा नकाशा बांधणाऱ्याच्या डोक्यातच राहतो.

कंदील

मुद्दा योग्य आहे. किंमत लक्षात घ्या. मेलकाउ किमान ६ जीबी रॅम मागतो, आणि व्हायरस शोधणारा क्लॅमएव्ही एकटाच १ जीबीच्या वर खातो. मेल-इन-अ-बॉक्सला ते मशीन पूर्ण स्वतःसाठी हवं असतं, शेजारी वेबसाइट ठेवता येत नाही. आणि कुठलाही संच घेतला तरी पोर्ट, पीटीआर आणि आयपीची पत या तीन गोष्टी तुमच्याच गळ्यात राहतात. मेल अडतात ते बहुतेक तिथेच.

मधला मार्गही आहे. येणारे मेल स्वतःच्या सर्व्हरवर घ्यायचे आणि जाणारे एखाद्या पैसे घेऊन मेल पोचवणाऱ्या सेवेमार्फत ५८७ नंबरच्या पोर्टवरून सोडायचे. पोस्टफिक्समध्ये रिलेहोस्टची एक ओळ आणि पासवर्डची एक फाइल, बस. २५ उघडून मिळत नसेल तर हाच उपाय.

पाणवठा यांना लिनक्स येतं, पेट्या थोड्या आहेत. माझ्या मते एकदा हाताने बांधावं. मेल अडला की कुठे अडला ते कळायला याच्याइतकी चांगली शिकवणी नाही. फक्त बांधताना एका वहीत प्रत्येक बदल लिहून ठेवा आणि ती वही संस्थेकडे द्या. रेघोटी यांची काळजी खरी आहे.

सांजवात

हाताने बांधणार असाल तर डेबियन लिनक्सची आवृत्ती आधी ठरवा. डेबियन १२ मध्ये डव्हकॉट २.३ आहे आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये २.४. या दोन्हींच्या कॉन्फिगरेशन फायली एकमेकींना चालत नाहीत. २.४ मध्ये सर्वांत वर आवृत्ती सांगणारी ओळ लागते, मेल_लोकेशनची एक ओळ मोडून मेल_ड्रायव्हर आणि मेल_पाथ अशा दोन झाल्या, आणि एसएसएल_सर्टचं नाव एसएसएल_सर्व्हर_सर्ट_फाइल झालं. नेटवरचे बहुतेक मार्गदर्शक लेख २.३ चे आहेत. ते १३ वर चिकटवले की डव्हकॉट उठतच नाही. डव्हकॉन्फ -एन चालवा, कुठल्या ओळीवर अडलं ते सांगतो.

मांडणी साधी ठेवा:

पोस्टफिक्स दारावर. मेल घेतो, पत्ता तपासतो, एलएमटीपी सॉकेटवरून (त्याच मशीनवर मेल सुपूर्द करायच्या वाटेने) डव्हकॉटकडे देतो.
डव्हकॉट पेटी सांभाळतो, ९९३ वर आयमॅप (फोन-संगणकावरून पेटी वाचायची सोय) देतो, आणि पाठवणाऱ्याचा पासवर्डही तोच तपासतो.
आरस्पॅमडी मधे बसतो. येणाऱ्याला गाळतो, जाणाऱ्यावर डीकेआयएम सही (मेल याच डोमेनचा असल्याची खूण) करतो.

१२ वापरकर्त्यांना मायएसक्यूएल नको. साधी पासवर्ड फाइल पुरते. डव्हअ‍ॅडम पीडब्ल्यू वापरून एसएचए५१२-क्रिप्टमध्ये पासवर्ड बनवा आणि ओळ चिकटवा. सगळ्या पेट्यांसाठी व्हीमेल नावाचा एकच सिस्टीम यूजर, यूआयडी ५०००, घर /व्हार/व्हीमेल. साठवण मेलडिरमध्ये, म्हणजे एक मेल, एक फाइल. बॅकअपला ते फार सोयीचं पडतं.

दोन्ही सॉकेट, प्रमाणीकरणाचं आणि एलएमटीपीचं, /व्हार/स्पूल/पोस्टफिक्स/प्रायव्हेटच्या आत बनवायला डव्हकॉटला सांगा: मालक पोस्टफिक्स, गट पोस्टफिक्स, परवानगी ०६६०. डेबियनवर पोस्टफिक्स त्या स्पूलमध्येच कोंडलेला असतो, बाहेरचा रस्ता त्याला दिसत नाही. म्हणून मेन.सीएफमध्ये (पोस्टफिक्सच्या मुख्य फाइलमध्ये) पूर्ण रस्ता न लिहिता फक्त "प्रायव्हेट/ऑथ" लिहायचं. लॉगमध्ये "कनेक्ट टू प्रायव्हेट/ऑथ फेल्ड: नो सच फाइल" दिसलं तर सॉकेट चुकीच्या जागी बनलंय किंवा डव्हकॉट पुन्हा सुरू केलेला नाही.

मास्टर.सीएफमध्ये ५८७ आणि ४६५ च्या ओळी आधीपासून असतात, पण समोर हॅश लावून झाकलेल्या. उघडताना दोन चुका होतात. "-ओ" ने सुरू होणाऱ्या ओळीआधी मोकळी जागा राहिलीच पाहिजे, नाहीतर पोस्टफिक्स ती नवी सेवा समजतो. आणि बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना जागा सोडायची नाही.

पाणवठा

सर्वांचे मनापासून आभार. व्हीपीएस घेतला, २५ उघडून मिळालं, पीटीआर लागलं, आयपी यादीत नाही. डेबियन १२ वर सांजवात यांच्या मांडणीप्रमाणे बांधणी केली. दोन ठिकाणी अडलंय:

१. जीमेलवरून कार्यालय@उदाहरण.इन ला पाठवलं तर परत येतं: "५५० ५.१.१ यूजर अननोन इन लोकल रेसिपियंट टेबल".
२. फोनवरून बाहेर पाठवताना: "४५४ ४.७.१ रिले अ‍ॅक्सेस डिनाइड".

सांजवात

पहिल्याचं उत्तर त्या संदेशातच आहे. "लोकल" हा शब्द बघा. पोस्टफिक्स तुमच्या डोमेनला स्थानिक समजतोय, म्हणजे लिनक्सच्या यूजरमध्ये "कार्यालय" शोधतोय. डेबियनवर पॅकेज बसताना "मेल नेम" विचारतात, तिथे तुम्ही उदाहरण.इन भरलं असणार, आणि ते मायडेस्टिनेशनमध्ये जाऊन बसलं. तिथून काढा, फक्त लोकलहोस्ट ठेवा. डोमेन फक्त व्हर्च्युअल_मेलबॉक्स_डोमेन्समध्ये असू द्या. दोन्हीकडे असेल तर लॉगमध्ये तशी ताकीद येते, पण ती वाचायचं राहून जातं.

त्यानंतर "यूजर अननोन इन व्हर्च्युअल मेलबॉक्स टेबल" आलं तर ती प्रगती समजा. पत्त्यांची फाइल बदलल्यावर पोस्टमॅप चालवायचं राहिलंय. पोस्टफिक्स मूळ फाइल वाचत नाही, तिच्यापासून बनलेली डीबी फाइल वाचतो.

गवतीचहा

दुसरं: हा नकार योग्यच आहे, सर्व्हरने आपलं काम केलं. फोन २५ वर, पासवर्ड न देता आलेला दिसतो. फोनमध्ये जाणाऱ्या मेलसाठी पोर्ट ४६५, सुरक्षा एसएसएल/टीएलएस, वापरकर्तानाव पूर्ण पत्ता, आणि "प्रमाणीकरण आवश्यक" चालू करा. येणाऱ्यासाठी ९९३. १४३ आणि ११० फायरवॉलमध्ये उघडूच नका.

२५ फक्त सर्व्हर-सर्व्हरमधल्या देवाणघेवाणीसाठी. माणसांनी ४६५ किंवा ५८७ वरून यायचं. ही वाटणी मनात पक्की बसली की निम्मे घोळ होत नाहीत.

डेबियनमध्ये शेवटचा नियम डिफर_अनऑथ_डेस्टिनेशन असतो, म्हणून ४५४ आलं. "४" ने सुरू होणारा आकडा म्हणजे "नंतर या", "५" ने सुरू होणारा म्हणजे "येऊ नका". मांडणी नीट चालू लागली की तिथे रिजेक्ट_अनऑथ_डेस्टिनेशन करा, मग ५५४ जाईल आणि रिले शोधत फिरणारे परत परत दार ठोठावणार नाहीत.

कंदील

या टप्प्यावर थांबा आणि रिलेची परीक्षा घ्या. उघडा रिले म्हणजे कोणीही अनोळखी माणूस तुमच्या सर्व्हरवरून कोणालाही मेल पाठवू शकतो. असं दार बॉटना फार लवकर सापडतं, आणि मग आयपीची पत धुळीला मिळते.

दुसऱ्या एखाद्या मशीनवरून (त्याच सर्व्हरवरून नव्हे, तिथून तो नेहमी "हो" म्हणेल) स्वॅक्स (चाचणीचा मेल पाठवणारी आज्ञा) वापरून २५ वर, पासवर्डशिवाय, बाहेरच्या पत्त्यावरून बाहेरच्या पत्त्यावर मेल टाकून बघा. नकार आलाच पाहिजे.

दार उघडं राहतं ते मुख्यतः मायनेटवर्क्समुळे, म्हणजे पासवर्डशिवाय विश्वास ठेवायच्या आयपींच्या यादीमुळे. तिथे १२७.०.०.०/८ आणि आयपीव्ही६ चा लोकलहोस्ट, एवढंच असावं. "फोन चालत नाही" म्हणून कोणी तिथे मोठी रेंज घालतं, तिथेच घात होतो. डॉकरवाल्यांनी विशेष जपावं. काही मांडण्यांत बाहेरून आलेली प्रत्येक जोडणी आतल्या पोस्टफिक्सला १७२.१७.०.१ वरून आल्यासारखी दिसते. मायनेटवर्क्समध्ये १७२.१६.०.०/१२ लिहिलेलं असेल तर सगळं जग घरातलं ठरतं.

आणखी एक ओळ जरूर घाला: रिजेक्ट_सेंडर_लॉगिन_मिसमॅच. नाहीतर ग्रंथपालाच्या पासवर्डने आत येऊन कोषाध्यक्षाच्या नावाने मेल पाठवता येतो. हिच्याबरोबर कोणत्या लॉगिनला कोणता पत्ता, ही यादी द्यावी लागते.

सांजवात

आता तिसरा प्रश्न, सही-शिक्क्यांचा.

एसपीएफ (या डोमेनचे मेल कोणत्या सर्व्हरवरून निघतात ते सांगणारी नोंद): उदाहरण.इन वर एक टीएक्सटी रेकॉर्ड, "व्ही=एसपीएफ१ एमएक्स -ऑल". एकच. दोन एसपीएफ रेकॉर्ड झाली की दोन्ही बाद, निकाल "पर्मएरर". नवीन सेवा जोडताना लोक दुसरी ओळ टाकतात, तिथे हे होतं. एकाच ओळीत सगळं बसवायचं, आणि त्यासाठी लागणाऱ्या डीएनएस चौकशा १० च्या वर जाता कामा नयेत. वेबसाइट वेगळ्या मशीनवर आहे आणि तिचा संपर्क-फॉर्म मेल पाठवतो का? तर तिला ४६५ वरून या सर्व्हरमार्फतच पाठवायला लावा.

डीकेआयएम: आरस्पॅमअ‍ॅडमने २०४८ बिटची किल्ली बनवा. सिलेक्टरला (किल्लीच्या ओळखनावाला) वर्षाचं नाव द्या, उदा. डी२०२६, पुढे किल्ली बदलताना गोंधळ होत नाही. खाजगी किल्लीची मालकी आरस्पॅमडी ज्या यूजरने चालतो त्याच्याकडे हवी (डेबियनवर _आरस्पॅमडी). रूटने बनवली आणि तशीच ठेवली तर सही होत नाही, आणि मेल मात्र बिनबोभाट जात राहतात. सार्वजनिक किल्ली डीएनएसमध्ये टाकताना एक अडचण येते: टीएक्सटीमधली एक अक्षरमाळ २५५ अक्षरांपर्यंतच असू शकते आणि २०४८ ची किल्ली त्याहून लांब असते. अवतरणचिन्हांत दोन तुकडे करून, एका रेकॉर्डमध्ये, शेजारी शेजारी. काही पॅनेल आपोआप तोडतात, काही मुकाट्याने शेपूट कापतात. टाकल्यावर डिगने परत वाचून शेवटची अक्षरं जुळवून बघा.

डीएमएआरसी (वरच्या तपासण्यांत मेल नापास झाला तर समोरच्याने काय करावं ते सांगणारी नोंद): _डीएमएआरसी.उदाहरण.इन वर "व्ही=डीएमएआरसी१; पी=नन;" आणि अहवालासाठी एक पत्ता. महिनाभर अहवाल वाचा, तुमचे सगळे मेल पास होताना दिसले की "क्वारंटाइन", मग "रिजेक्ट". पहिल्याच दिवशी रिजेक्ट लावू नका.

तपासायला जीमेलवर एक मेल पाठवा, उघडून तीन टिंबांतून "मूळ मेसेज दाखवा" निवडा. वरच्या तक्त्यात एसपीएफ, डीकेआयएम, डीएमएआरसी तिन्हींपुढे "पास" हवं.

२०२४ च्या फेब्रुवारीपासून जीमेलने नियम कडक केले. प्रत्येक पाठवणाऱ्याला एसपीएफ किंवा डीकेआयएम, जुळणारं पीटीआर आणि टीएलएस लागतं, स्पॅम-तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली लागतात. दिवसाला ५,००० च्या वर पाठवणाऱ्यांना तिन्ही सह्या आणि एका क्लिकमध्ये यादीतून बाहेर पडायची सोय. तुमचे ४०० आहेत, पण तिन्ही सह्या लावाच.

रेघोटी

आयपीव्ही६ राहिलं. व्हीपीएसला ते आपोआप मिळतं, त्याला पीटीआर लावायचं कोणाच्या लक्षात येत नाही, आणि पोस्टफिक्स जीमेलकडे त्याच रस्त्याने जातो. मग "५५०-५.७.१" आणि आयपीव्ही६ मार्गदर्शनाचा उल्लेख असलेला नकार येतो. एक तर त्याच्यासाठी पीटीआर आणि एएएए (आयपीव्ही६ चं ए रेकॉर्ड) दोन्ही लावा, नाहीतर इनेट_प्रोटोकॉल्स = आयपीव्ही४ करून पोस्टफिक्स पुन्हा सुरू करा. फक्त रिलोड पुरत नाही.

गवतीचहा

स्पॅमहाउसची यादी पोस्टफिक्समध्ये जोडणार असाल तर हे वाचल्याशिवाय जोडू नका. ती यादी डीएनएसने विचारली जाते. सर्व्हरचा रिझॉल्व्हर (डीएनएसची उत्तरं शोधून देणारा) ८.८.८.८ किंवा १.१.१.१ असेल तर स्पॅमहाउस खरं उत्तर देत नाही, १२७.२५५.२५५.२५४ असा चूक-संकेत देतो. पोस्टफिक्सला नुसतं "उत्तर आलं" एवढंच कळतं, आणि तो येणारा प्रत्येक मेल स्पॅम म्हणून परत पाठवतो. जीमेल, बँक, सगळे.

उपाय दोन्ही करा. सर्व्हरवरच अनबाउंड हा स्वतःचा रिझॉल्व्हर बसवा, आणि /ईटीसी/रिझॉल्व्ह.कॉन्फमध्ये १२७.०.०.१ आहे ना ते बघा. मग यादीच्या नावापुढे अपेक्षित उत्तरं लिहा: "=१२७.०.०.[२..११]". म्हणजे दुसरं काही उत्तर आलं तर दुर्लक्ष. तपासायला २.०.०.१२७ हा आकडा यादीच्या नावापुढे लावून डिग करा. तो चाचणीसाठी कायम यादीत असतो, १२७.०.०.२ वगैरे उत्तर आलं की रस्ता मोकळा.

आरस्पॅमडीच्या बेझ गाळणीकडून लगेच अपेक्षा ठेवू नका. २०० स्पॅम आणि २०० चांगले मेल शिकल्याशिवाय ती मत देत नाही.

पाणवठा

दोन्ही अडचणी सुटल्या. रिलेची परीक्षा पास, जीमेलमध्ये तिन्ही "पास". आता सभासदांच्या सूचना. ४०० जणांना बीसीसी करून पाठवू का? मजकूर आणि विषय मराठीत असतो. शिवाय प्रमाणपत्र आणि बॅकअपबद्दलही सांगा.

रेघोटी

बीसीसी नको. एका मेलला ४०० पत्ते ही स्पॅमची जुनी खूण आहे, आणि कोणाला नको असेल तर त्याला बाहेर पडायची वाट नसते. लिस्टमंक बघा, मुक्त सॉफ्टवेअर आहे, पोस्टग्रेस लागतं. प्रत्येकाला स्वतंत्र मेल जातो आणि यादीतून बाहेर पडण्यासाठीचं शीर्षकही तो लावतो.

नवा आयपी आहे, म्हणून पहिल्या आठवड्यात रोज ४०-५० च पाठवा, तेही जे उत्तर देतील अशांना आधी. पुढे सगळ्यांना पाठवतानाही एसएमटीपी_डेस्टिनेशन_रेट_डिले = ५एस ठेवा. सगळे ४०० जीमेलचे धरले तरी ४०० गुणिले ५, म्हणजे २,००० सेकंद, सुमारे ३३ मिनिटं. सूचनेला तेवढा उशीर चालतो. लॉगमध्ये ४२१ दिसू लागलं तर घाबरून पोस्टक्यू -एफ मारत बसू नका. समोरचा "हळू" म्हणतोय, तुम्ही ढकललंत तर तो आणखी लांबवतो. पोस्टफिक्स आपणहून थांबत थांबत पाच दिवस प्रयत्न करतो.

सांजवात

मराठी विषयाबद्दल. मेलच्या शीर्षकात देवनागरी थेट घालायची नसते, ती बेस६४ मध्ये, म्हणजे साध्या रोमन अक्षर-चिन्हांत, बांधावी लागते. थंडरबर्ड किंवा लिस्टमंक ते करतात. स्वतःची स्क्रिप्ट लिहाल तर तुम्हाला करावं लागेल. एका बांधलेल्या तुकड्याची मर्यादा ७५ अक्षरं. त्यातली १२ "यूटीएफ-८" वगैरे खुणांना जातात, उरलेल्या ६३ पैकी बेस६४ ला ६० वापरता येतात, त्यात ४५ बाइट. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं, म्हणजे एका तुकड्यात १५ चिन्हं. काना, वेलांटी, हलन्त, प्रत्येकाला वेगळं मोजायचं. "ग्रंथालय" मध्येच ८ चिन्हं होतात: ग, हलन्त, र, अनुस्वार, थ, काना, ल, य. स्क्रिप्टने तुकडा बाइट मोजून मधेच तोडला तर एका चिन्हाचे तीन बाइट दोन तुकड्यांत विभागतात आणि विषयात चौकोन दिसतो. तोडायचं ते चिन्हाच्या सीमेवर. पायथनचं ईमेल पॅकेज हे नीट करतं, हाताने जोडाजोड नको.

मराठी पत्ते, म्हणजे @ च्या आधीही देवनागरी, पोस्टफिक्सला ३.० पासून येतात, आणि .भारत डोमेनही २०१४ पासून आहे. पण समोरच्या सर्व्हरने ती सोय जाहीर केली नाही तर मेल परत येतो. म्हणून मराठी पत्ता हवा असेल तर रोमन पत्त्याच्या जोडीला ठेवा, सध्या त्याच्या जागी नको.

कंदील

प्रमाणपत्र: लेट्स एन्क्रिप्टचं ९० दिवस चालतं आणि सर्टबॉट ते आपोआप नवं करतो. पण डव्हकॉट जुनंच मनात धरून बसतो. डिस्कवर नवं, फोनला जुनं, आणि एका सकाळी सगळ्यांच्या फोनवर "प्रमाणपत्राची मुदत संपली". /ईटीसी/लेट्सएन्क्रिप्ट/रिन्यूअल-हुक्स/डिप्लॉय या फोल्डरमध्ये दोन ओळींची स्क्रिप्ट ठेवा, पोस्टफिक्स आणि डव्हकॉट रिलोड करणारी, आणि तिला चालवण्याची परवानगी द्या. मुदतीची आठवण करणारे मेल लेट्स एन्क्रिप्टने २०२५ च्या जूनपासून बंद केलेत, तेव्हा ९९३ वर ओपनएसएसएलने तारीख बघणारं एक क्रॉन लावा. फाइलवरची तारीख बघू नका, पोर्टवर दिसणारी बघा.

पोस्टमास्टर@ आणि अब्यूज@ हे दोन पत्ते चालू ठेवा, कोणीतरी ते खरंच वाचलं पाहिजे. फेल२बॅनमध्ये (चुकीचे पासवर्ड देत राहणारे आयपी अडवणाऱ्या प्रोग्राममध्ये) डव्हकॉट आणि पोस्टफिक्स-एसएएसएल हे दोन्ही जेल चालू करा.

मेसेज_साइझ_लिमिट मुळात १,०२,४०,००० बाइट असतं. जोडलेली फाइल बेस६४ मध्ये एक तृतीयांशाने फुगते, म्हणजे साडेसात एमबीचा पीडीएफही अडतो. २५ एमबीच्या फायली चालवायच्या तर ३,६७,००,१६० ठेवा.

बॅकअप रोज, दुसऱ्या जागी: /व्हार/व्हीमेल, पोस्टफिक्स आणि डव्हकॉटची ईटीसी फोल्डरं, पासवर्ड फाइल, डीकेआयएमची खाजगी किल्ली, आणि डीएनएस रेकॉर्डांची यादी. मेलडिर असल्याने चालू सर्व्हरवरून आरसिंक चालतं. मेल वाचला की फाइलच्या नावाला शेवटी "एस" लागतो, त्यामुळे कोणता वाचलेला, कोणता नाही हेही बॅकअपमध्ये टिकतं. महिन्यातून एकदा एक पेटी वेगळ्या मशीनवर परत उभी करून बघा.

दुसरा, राखीव एमएक्स ठेवायचा मोह होईल. नका ठेवू. तुमचा सर्व्हर काही तास बंद पडला तरी पाठवणारे सर्व्हर मेल धरून ठेवतात आणि पुन्हा प्रयत्न करतात. राखीव सर्व्हरवर गाळणी ढिली असते, आणि स्पॅमवाले मुद्दाम तोच दरवाजा वापरतात.

पाणवठा

हुक (ती रिलोडची स्क्रिप्ट) लावला, सर्टबॉटची सराव-धाव करून बघितली, तरी हुक चालला नाही. परवानगी दिली आहे.

कंदील

सराव-धावेत डिप्लॉय हुक मुळात चालत नाहीत, म्हणून काळजी नको. स्क्रिप्ट हाताने एकदा चालवा आणि जर्नलमध्ये डव्हकॉटच्या रिलोडची ओळ दिसते का ते बघा. खात्रीच करायची तर सर्टबॉटला जबरदस्तीने एकदा नवं प्रमाणपत्र घ्यायला लावा. पण एकदाच, कारण त्याच नावाची आठवड्याला पाचच मिळतात.